घरात पोल लावायचाय? आधी छताकडे बघा

शॉपिंग अ‍ॅपवर 'डान्स पोल' टाइप केलं की जवळपास एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. क्रोमची चकचकीत नळी, पांढऱ्या भिंती, लाकडी फरशी आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'लोड कॅपॅसिटी 200 किलो'. जिंतूरच्या माझ्या मावसबहिणीनं गेल्या महिन्यात मला अशा तीन लिंक पाठवल्या. ब्रँडची नावं तीन, किमती तीन, फोटो मात्र तोच. खाली प्रश्न होता, "दादा, यातला कोणता घेऊ?"

मी तिला उलट विचारलं, तुझ्या खोलीचं छत कशाचं आहे?

तिला वाटलं मी टाळतोय. पण घरातल्या पोलबाबत पहिला प्रश्न हाच असतो आणि कुठलंही अ‍ॅप तो विचारत नाही. मी नोकरीनं सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्सचा पेपर सगळ्याच ब्रँचला असतो, आणि तेवढं मेकॅनिक्स इथे पुरतं.

हे वेड आत्ताच का?

एक कारण उघड आहे, रील्स. दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. मल्लखांबाला गेल्या काही वर्षांत सरकारी पातळीवर मान मिळाला. डिसेंबर 2020 मध्ये क्रीडा मंत्रालयानं गटका, कलरीपयट्टू आणि थांग-ता यांच्याबरोबर मल्लखांबाचाही खेलो इंडिया युवा स्पर्धेत समावेश केला. 2021 च्या अर्जुन पुरस्कारांत हिमानी परब आणि 2022 च्या यादीत सागर ओव्हळकर ही मल्लखांबपटूंची नावं आली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. खांबावर उलटं लटकणारी मुलं-मुली आता फोनच्या स्क्रीनवर रोज दिसतात. ते बघून परभणी, सेलू, गंगाखेडच्या एखाद्या मुलीला आपणही करावं असं वाटलं, तर त्यात नवल काही नाही.

अडचण पुढे येते. गावात मल्लखांब शिकवणारं कुणी जवळ नसतं, जिमला संध्याकाळी एकटीनं जायला घरचे कुरकुरतात, आणि 'पोल डान्स' हा शब्द काढला की मावशीचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून मग घरातच, दार लावून, ऑनलाइन मागवलेल्या नळीवर सराव करायचा. हा मार्ग मला चुकीचा वाटत नाही. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. तो लिहिणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. त्यामुळे घरात कुणी नाक मुरडलं तर सांगायला इतिहास भरपूर आहे. (पोल डान्स थेट मल्लखांबातूनच निघाला, असं सांगणाऱ्या रील्सवर मात्र फार विसंबू नका. सर्कशीतला चिनी खांबही तेवढाच जुना दावेदार आहे.)

माझी काळजी वेगळी आहे. मल्लखांब जमिनीत पुरलेला असतो. ऑनलाइन मिळणारा पोल कशातच पुरलेला नसतो.

पोल उभा कशावर राहतो?

घरगुती पोल बहुतेक 'प्रेशर माउंट' प्रकारचे असतात. खाली एक तबकडी, वर छताला टेकणारी दुसरी, मध्ये नळी. आतला स्क्रू फिरवला की नळी लांब होते आणि फरशी व छत यांच्यामध्ये घट्ट अडकते. खिळा नाही, बोल्ट नाही. म्हणजे तुम्ही वर गिरकी घेत असताना पोलचं वरचं टोक जागेवर ठेवणारी गोष्ट एकच, छत आणि तबकडीचं रबर यांच्यातलं घर्षण.

आता हिशोब करू. वजन 60 किलो. पोल 3 मीटर, आपल्याकडच्या 10 फुटी खोलीएवढा. तुम्ही 2 मीटर उंचीवर आहात, शरीराचा भार पोलपासून अर्धा मीटर बाहेर आहे आणि एक गिरकी दीड सेकंदात पूर्ण होते. या गिरकीमुळे पोलवर बाहेरच्या दिशेनं साधारण 54 किलोंची ओढ बसते. तुम्ही दोन-तृतीयांश उंचीवर असल्यामुळे तिचा दोन-तृतीयांश भाग, म्हणजे जवळपास 36 किलो, वरच्या टोकाला येतो. शरीर एका बाजूला लटकल्यानं जी कलंडण्याची ओढ तयार होते ती आणखी 10 किलोंची. दोन्ही एकाच दिशेनं. म्हणजे छताजवळ आडवी ओढ 46 किलो.

रबर आणि रंगवलेलं प्लॅस्टर यांच्यातलं घर्षण 0.4 धरलं, तर 46 किलोंची आडवी ओढ थांबवायला तबकडी छतावर किमान 115 किलोंच्या जोरानं रेटलेली हवी.

इथेच थांबलो तर हिशोब अर्धा राहील. तुम्ही पोलवर चढलात की तुमचं वजन नळीला खाली ढकलतं. त्यामुळे खालचा रेटा वाढतो आणि वरचा कमी होतो. दोन-तृतीयांश उंचीवर असाल तर वरचा रेटा तुमच्या वजनाच्या दोन-तृतीयांशानं, म्हणजे 40 किलोंनी घटतो. म्हणून पोल बसवतानाच वरचा रेटा दीडशे किलोंच्या पुढे असायला हवा. जितकं उंच चढाल तितकी आडवी ओढ जास्त आणि वरची पकड कमी. जमिनीवर उभं राहून हलवून बघितल्यावर ठणठणीत वाटणारा पोल वरच्या टोकाजवळ निसटू शकतो, तो यामुळेच. आणि माणूस तेव्हा सगळ्यात उंचावर असतो.

आता त्या '200 किलो'कडे परत बघा. तो आकडा नळी किती भार सोसेल याचा असेल, किंवा नुसता छापलेला असेल. वरचं टोक घसरणार नाही याची हमी त्यात नाही. देताही येणार नाही, कारण तुमचं छत विक्रेत्यानं पाहिलेलंच नाही.

आपल्याकडची छतं

परभणी जिल्ह्यातल्या एकाच गल्लीत चार प्रकारची छतं सापडतात. आरसीसी स्लॅब असेल तर काम सोपं. 5 इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर असतं, त्यामुळे खालून दीडशे किलोंचा रेटा तो सहज दाबून धरतो. बीमखाली जागा मिळाली तर आणखी चांगलं. फक्त छताचं प्लॅस्टर पोकळ किंवा ओल धरलेलं नाही ना, ते ठोकून बघा. पावसाळ्यात गळणाऱ्या स्लॅबचं प्लॅस्टर फुगलेलं असतं आणि तबकडीखाली त्याची खपली निघते.

पीओपीचं फॉल्स सिलिंग असेल तर विषयच संपला. ते वरच्या पातळ सांगाड्याला लटकवलेलं असतं, रेटा सोसायला बनवलेलं नसतं. सिलिंग कापून नळी खऱ्या स्लॅबपर्यंत नेली तरच काही करता येतं.

गर्डरवर फरश्या टाकलेलं छत असेल तर तबकडी फरशीला लावायची नाही. खालून रेटा बसला की फरशी उचलली जाते, सांधे मोकळे होतात आणि पावसाळ्यात त्याचा हिशोब चुकवावा लागतो. जुन्या वाड्यांमधलं माळवद, म्हणजे लाकडी तुळया आणि वर मातीचा थर, त्याबाबतही तेच. तुळई भक्कम दिसली तरी ती आतून वाळवीनं खाल्लेली असू शकते. आणि पत्र्याच्या घराबद्दल काय सांगायचं, वादळात जे उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो, त्याला खालून रेटून काय मिळणार?

पत्रा, फरशी किंवा माळवद असेल तर दोन रस्ते उरतात. एक, 'स्टेज पोल': छताला न टेकणारा, खाली रुंद आणि जड चौथरा असलेला. महाग असतो, जागा खातो, पण छताचा प्रश्न मिटवतो. दुसरा रस्ता म्हणजे अंगण. जमिनीत काँक्रीटमध्ये पक्का रोवलेला खांब. म्हणजे आपण फिरून मल्लखांबापाशीच आलो. सागवान किंवा शिसवीचा, वर निमुळता होत जाणारा, एरंडेल चोळलेला खांब. त्याला छत लागत नाही, स्क्रूही लागत नाही. दोरीचा मल्लखांबही आहे. पूर्वी तो वेतावर करत, चांगला वेत मिळेना म्हणून सुती दोरी आली. पण ती दोरी पंख्याच्या हुकाला बांधायचा विचार कृपा करून सोडा. तो हुक पंख्यासाठी आहे, झोके घेणाऱ्या माणसासाठी नाही.

उंची आणि पंखा

पेटीत येणाऱ्या बऱ्याच पोलची उंची साधारण 223 ते 274 सेंटिमीटरच्या दरम्यान जुळवता येते. हे माप परदेशातल्या बुटक्या छतांसाठी आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंचीच 2.75 मीटर सांगितली आहे आणि गावाकडे स्लॅब 10 फुटांवर, म्हणजे 305 सेंटिमीटरवर टाकायची पद्धत आहे. म्हणजे मागवलेला पोल छतापर्यंत पोहोचणारच नाही! मग जोडनळी वेगळी घ्यावी लागते आणि ती बहुतेकदा मूळ किमतीत नसते. जोडनळी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. खाली लाकडी पाट किंवा वीट ठेवून उंची भरून काढू नका. स्क्रूही कमाल खुणेच्या पुढे फिरवू नका, आत अडकलेले आटे कमी पडले की तिथूनच सगळं सुटतं.

पंख्याचं दुखणं तर फक्त आपलंच आहे. पोलभोवती दीड मीटर तरी मोकळी जागा हवी. 10 बाय 12 च्या खोलीत ती मिळते ती बरोबर मधोमध. आणि मधोमध काय आहे? पंखा. नेहमीच्या 1200 मिलिमीटरच्या पंख्याची पाती मध्यापासून 60 सेंटिमीटर पसरतात. पाय वर करून उलटं होताना त्यांच्या जवळपासही जायचं नाही. म्हणजे पंखा काढून भिंतीवरचा लावायचा, नाहीतर खोली बदलायची. सरावापुरता पंखा बंद ठेवू म्हणाल, तर मे महिन्यातली परभणी आठवा.

नळी कशाची, किती जाड

45 मिलिमीटर व्यास सगळ्यात जास्त चालतो. हात लहान असेल तर 40 बरा पडतो. 50 चा पकडायला जड जातो.

धातूंमध्ये क्रोम सगळीकडे मिळतो. त्याखाली सहसा निकेलचा थर असतो, म्हणून खोटे दागिने घातल्यावर ज्यांना खाज सुटते त्यांनी जरा जपून. स्टेनलेस स्टील टिकतं, पण गुळगुळीत असतं. पितळेवर घामट हाताची पकड चांगली बसते असा सराव करणाऱ्यांचा अनुभव आहे, पण ते काळवंडतं आणि घासत बसावं लागतं. परभणीचं हवामान दोन्ही टोकांचं. उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे आणि डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांच्या पंक्तीत. गार धातूवर कातडी घसरते आणि गरमीत घाम घसरवतो. हिवाळ्यात सरावाआधी नळी कोरड्या फडक्यानं चोळून कोमट करायची, उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरायची.

आता खरा मोह. "ऑनलाइन कशाला, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेऊ." अंगणात रोवायच्या पोलसाठी हा विचार वाईट नाही, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. हार्डवेअरच्या दुकानातला 'दीड इंची' जीआय पाइप बाहेरून दीड इंच नसतो, 48.3 मिलिमीटर असतो. 'सव्वा इंची' मागाल तर 42.4 मिळतो. पाइपवरचा रंगीत पट्टा बघा: पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. निळ्याच्या खाली जाऊ नका. दुसरी गोष्ट, जिन्याच्या रेलिंगचा चकचकीत स्टील पाइप अजिबात वापरू नका. त्याची भिंत कधीकधी 1.2 मिलिमीटरच असते. 38 मिलिमीटरच्या तशा पाइपवर वाकवणारा ताण निळ्या पट्ट्याच्या दीड इंची पाइपच्या जवळपास चौपट येतो, आणि वरच्याच गिरकीच्या हिशोबात तो कायमचा वाकायच्या पातळीला पोहोचतो. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304 आहे" असं दाखवतात. स्वस्तातलं 202 पण चिकटत नाही.

नळी स्थिर हवी की फिरणारी? शिकणाऱ्यानं स्थिर मोडवर सुरू करावं. फिरणारी मजेदार असते, पण पोल थोडा जरी तिरका असला तरी ती तुम्हाला उताराच्या बाजूला ओढत नेते.

फोन खरंच कुठे कामाला येतो

कॅमेरा रोखून लांबी मोजणाऱ्या अ‍ॅपवर छताची उंची मोजू नका. काही सेंटिमीटरची चूक तिथे सहज होते, आणि आपल्याला मिलिमीटर महत्त्वाचे. स्टीलचा टेप घ्या, तीन ठिकाणी मोजा.

पोल सरळ उभा आहे का हे बघायला मात्र फोनचा सेन्सर चालतो. लेव्हलचं अ‍ॅप उघडा, कव्हर काढा, फोनची कड नळीला चिकटवा. मग नव्वद अंश फिरून दुसऱ्या बाजूनंही बघा, एकाच बाजूनं बघणं पुरेसं नाही. फोनवर विश्वास नसेल तर गवंड्याचा ओळंबा आहेच.

सगळ्यात उपयोगी युक्ती फुकटातली आहे. पोल बसवल्यावर वरच्या तबकडीभोवती छतावर पेन्सिलनं गोल काढा. आधी खाली उभं राहून जोरात ओढा, मग कुणाला तरी सोबत घेऊन कमी उंचीवर लटका, आणि फोन छताकडे रोखून स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. तबकडी रेषेच्या बाहेर केसभर जरी सरकली, तरी वर चढायचं नाही. हे रोज करा, कारण थंडी-उन्हानं आणि सरावानं स्क्रू सैल पडतो. खाली जाड मॅट हवी. घरातली कापसाची गादी टाइल्सवर सरकते, तेव्हा ती टाकायचीच असेल तर खाली न घसरणारं काहीतरी हवं.

लिंक उघडल्यावर

एकच पोल तीन नावांनी विकला जातोय का, हे फोटोवरून शोध घेतला की लगेच कळतं. रिव्ह्यू वाचताना पाच तारे सोडून द्या. एक आणि दोन ताऱ्यांचे वाचा, त्यातही फोटो असलेले. 'सरकला', 'आटे गेले', 'छताला भेग' असे शब्द शोधा. "डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग छान" हा रिव्ह्यू कुरिअरचा झाला, पोलचा नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसनं 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे.

'फक्त 2 शिल्लक' आणि उलटं पळणारं घड्याळ दिसलं तर घाई करू नका. खोटी घाई निर्माण करणं हा केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक तत्त्वांतल्या 13 प्रकारांपैकी एक आहे. जून 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. पळणारी घड्याळं तरीही दिसतातच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता, माल कोणत्या देशातला आणि परतीच्या अटी पानावर दाखवणं बंधनकारक आहे. पण पोल कोणत्या छतावर चालतो आणि कोणत्या नाही, हे सांगायला नियमात कुणालाच भाग पाडलेलं नाही. माझ्या मते अशा वस्तूच्या पानावर 'कार्टमध्ये टाका'च्या आधी छताचा प्रकार आणि उंची विचारणारे दोन रकाने यायला हवेत. कोडच्या दृष्टीनं ते एका दुपारचं काम आहे. मोबाइल कव्हर विकताना अ‍ॅप तुमच्या फोनचं मॉडेल विचारतंच ना?

तोवर हे दोन प्रश्न तुम्हीच विक्रेत्याला चॅटवर विचारा: "10 फुटी छताला जोडनळीसकट बसेल का?" आणि "वरच्या तबकडीचा व्यास किती?" उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि पोल उभा करण्याआधी सगळे आटे हातानं फिरवून बघा. एकदा बसवला की 'वापरलेली वस्तू' म्हणून परती नाकारायला त्यांना निमित्त मिळतं. तक्रार केल्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. ते झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा, मराठीत बोललात तरी चालतं.